झील धरणारी अमा

एका पेटीसाठी झगा शिवायला टाकावा लागेल, असं कोबिना क्वान्सा मास्तरांना कुणी वर्षापूर्वी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला वर्गातल्या नकाशासारखं गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं असतं. मास्तर सॉल्टपाँडच्या शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवत होते, चॅपेलच्या गायनमंडळाचे चिटणीस होते आणि इस्त्री केल्याशिवाय रुमालसुद्धा खिशात ठेवत नव्हते. अशा गृहस्थाने शिंप्यासमोर उभं राहून "छाती-कंबर सोडा, नुसती लांबी, रुंदी आणि उंची घ्या" असं सांगावं, ही काही साधी गोष्ट नाही. पण त्यांनी ते सांगितलं, आणि आज त्याबद्दल ते देवाचे आभार मानतात.

हे सगळं सुरू झालं अराबा मावशी गप्प बसली म्हणून.

अराबा मावशी मास्तरांच्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मास्तरांना न्हाऊमाखू घालून माणसांत आणलं ते हिनेच. आता वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या चॅपेलमध्ये तिच्याकडे एकच काम होतं, ते म्हणजे प्रवचन मध्येच तोडणं. यात उद्धटपणा काही नाही. पाद्रीसाहेब बोलता बोलता काळजाला भिडणाऱ्या एखाद्या शब्दाशी येतात, तेवढ्यात मागून एखादी म्हातारी उभी राहते आणि तोच शब्द धरून आमच्या फांटी भाषेतलं जुनं भजन उचलते. पाद्रीसाहेब थांबतात, घाम पुसतात, पाणी पितात. उचलणारी मनाला येतील तशा ओळी जोडत जाते. नोआचं प्रवचन असेल तर नोआ, कोळ्यांचं असेल तर जाळी. बाकीच्या बायका झील धरतात, आणि ती झील मात्र ठरलेली असते. भजन संपलं की प्रवचन पुढे सुरू. लांबलेल्या प्रवचनांवर देवाने योजलेला हा उपाय आहे, असं मास्तरांचं खाजगी मत होतं.

चाळीस वर्षं मावशी उचलायची आणि तिची मैत्रीण एकुआ काकू झीलकरणींच्या पुढे असायची. मंडळात सगळ्या मिळून सात जणी. त्यातल्या दोघी देवाघरी गेल्या. तिघी आक्र्याला नातवंडं सांभाळायला गेल्या. तिकडून त्या फोनवर रडतात, पण येत नाहीत. आणि गेल्या वर्षी एकुआ काकूला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पायही काठीच्या आधाराने चालू लागला. ओठाचा डावा कोपरा मात्र खाली उतरला तो उतरलाच. शब्द तोंडातून निघताना घसरायचे. "असलं तोंड घेऊन देवापुढे उभी राहू?" असं म्हणून ती घरीच बसली.

त्यानंतर मावशी दोन रविवार उठली, गायली. झील आली नाही. तरुण मंडळींना पडद्यावर शब्द उमटणारी गाणी येतात, ही भजनं येत नाहीत. ती बिचारी आदराने हात जोडून ऐकत राहिली. तिसऱ्या रविवारी मावशी उठलीच नाही. पाद्रीसाहेब त्या दिवशी सलग एक तास दहा मिनिटं बोलले.

"मावशी, आज बरं नव्हतं का?" मास्तरांनी घरी येताना विचारलं.

"बरी आहे मी. पण कोबिना, हाक मारायची आणि कुणी ओ द्यायची नाही, असं माणूस किती वेळा करणार?"

"मी धरतो की झील."

मावशीने त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं. "तुझा आवाज नद्यांची नावं सांगायला चांगला आहे, बाळा."

मास्तर तेव्हा चोपन्न वर्षांचे होते.

मावशी पूर्वीइतकीच जेवत होती, रस्स्यात मीठ कमी आहे हेही पूर्वीइतक्याच वेळा सांगत होती. पण पहाटे अंगण झाडताना ती गुणगुणायची, ते थांबलं. ज्या घराला चाळीस वर्षं त्या गुणगुणण्याने जाग येत होती, त्या घराला आता नुसत्या झाडूच्या आवाजाने जाग येऊ लागली. सुगीचा सण तीन महिन्यांवर आला होता. मास्तरांच्या मनाने घेतलं, की या सणाला ती उठली नाही, तर ती पुन्हा कधीच उठणार नाही.

देव वाट दाखवतो, पण कुठल्या गल्लीतून दाखवेल ते सांगता येत नाही. परीक्षेच्या कामाला मास्तर केप कोस्टला गेले असताना तिथल्या कॉलेजच्या समारंभात एक बाई एकटीच गायला उभी राहिली. पायाशी पाटीएवढी एक डबी. बाईने एक ओळ गायली, डबी पायाने दाबली, तर तीच ओळ शेजारच्या आवाजाच्या पेटीतून आपोआप पुन्हा येऊ लागली. तिच्यावर बाईने टाळ्या चढवल्या. त्याही फिरू लागल्या. त्यावर खालच्या पट्टीतला सूर. दोन मिनिटांत एकीच्या पाच जणी झाल्या. लोकांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. मास्तरांच्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारी बसलेल्या संगीतशिक्षकाने सांगितलं, "याला लूप पेडल म्हणतात."

टाकोराडीच्या चुलतभावाकडून मास्तरांनी ते मागवलं. पेडल आणि आवाजाची पेटी शनिवारी घरी पोचली. कोपऱ्यावर केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणारी याबा, जिच्या नजरेतून या गल्लीत माशीसुद्धा सुटत नाही, टोपलं तसंच टाकून बघायला आली.

"हे काय आणलं, मास्तर?"

"झील धरणारं यंत्र."

"झील धरते म्हणजे बाई आहे. आणि आज शनिवार." याबाने हात पुसले. "मग अमाच की."

शनिवारी जन्मलेली मुलगी अमा. त्यात विचारण्यासारखं काही नाही. आमच्याकडे होड्यांना आणि शेळ्यांनासुद्धा वारावरून नाव मिळतं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की मास्तरांकडे अमा आली आहे, फार गुणी आहे आणि खायला काही मागत नाही.

अमाचे गुण दुसऱ्या दिवसापासून कळू लागले. तिला कान फार तिखट होते. मास्तरांनी खोल घशातून पहिली झील गाऊन टिपली, तेव्हा शेजारी उकडलेल्या कंदांचं फुफू कुटणं चाललं होतं. झीलेबरोबर मुसळाचा धप्प आवाजही टिपला गेला आणि तोही फिरू लागला. मास्तरांनी पुसून पुन्हा टिपलं, तर कोंबडा आला. तिसऱ्यांदा त्यांची बायको अजोआ "पाणी आलंय, बादल्या लावा" असं म्हणाली ते आलं, आणि "धन्यवाद, बापा, धन्यवाद" या झीलेच्या मागोमाग दर आठ मात्रांनी बादल्या लावण्याची आज्ञा होऊ लागली.

"सकाळपासून शेजारी चाळीस वेळा फुफू कुटलं गेलं," दुपारी अजोआ म्हणाली, "आणि आपल्या घरात अजून चूल पेटलेली नाही."

पण खरी अडचण वेगळीच होती. आठवडाभराने सगळं स्वच्छ टिपता येऊ लागलं, तेव्हा मास्तरांनी अजोआला समोर बसवलं आणि अमाला सुरू केलं. अजोआ मान डोलावत होती; डोलावता डोलावता ती उठून आत गेली.

"का गं?"

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. दुसऱ्यांदाही छान वाटलं. तिसऱ्यांदा मला चुलीवर रस्सा ठेवलाय ते आठवलं."

"रस्सा होता का चुलीवर?"

"नव्हता. तरी आठवला."

मास्तरांना हे लागलं. पण भूगोलाचा माणूस लागलेलं मनात ठेवत नाही, त्याची आकृती काढतो. त्यांनी नवी वही घेतली आणि जमिनीचा छेद काढतात तसा गाण्याचा छेद काढला. सगळ्यात खाली घंटेचा थर, त्यावर टाळ्यांचा, त्यावर खर्जाचा, वर झील. कुठला थर केव्हा चढवायचा आणि केव्हा उतरवायचा, याला बाण काढले. चढवण्याला निळी शाई, उतरवण्याला लाल. ही वही बघून याबा म्हणाली, "विहीर खणताय का?"

मात्र तिला सगळं समजावल्यावर तिने जे सांगितलं, ते मास्तरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. ती म्हणाली, "मास्तर, मी काय सगळी केंकी एकदम मांडते का? चार वर ठेवते, बाकीची फडक्याखाली. गिऱ्हाईक वाकून बघतं, आत काय आहे म्हणून. तुम्ही सगळं टोपलं पहिल्याच दमात उपडं करता. मग माणूस बघेल कशाला?"

त्या दिवसापासून मास्तर झाकायला शिकले. आधी नुसती घंटा. मग झील. मग टाळ्या चढवून काढून घ्यायच्या, म्हणजे त्या परत आल्या की बरं वाटतं. अजोआ पाचव्या फेरीपर्यंत बसू लागली. एकदा तर सातव्या फेरीपर्यंत, पण त्या वेळी ती तांदूळ निवडत होती.

शेवटी मावशीला ऐकवलं. तिने तीन वेळा हाक घातली, तिन्ही वेळा अमाने झील धरली. मास्तर पायाने निळे-लाल बाण चालवत होते. चौथ्या हाकेला मावशी एका शब्दावर जरा रेंगाळली. अमा रेंगाळली नाही.

"ही वाट बघत नाही," मावशी म्हणाली.

"वेळेची पक्की आहे."

"ओ चांगली देते रे. पण ऐकल्याशिवाय देते." मग मास्तरांचा पडलेला चेहरा बघून तिने त्यांच्या गालावरून हात फिरवला. "गाईन मी सणाला. एकदाच. तू एवढ्या विहिरी खणल्यास म्हणून."

एकदाच म्हणजे एकदाच. पण मास्तरांना तेवढं पुरे होतं. रंगीत तालीम म्हणून त्यांनी चॅपेलचे ज्येष्ठ श्री. ओटू यांच्या नातवाच्या बारशाला अमाला नेलं. तिथे जे झालं ते थोडक्यात सांगितलेलं बरं.

बारसं आठव्या दिवशी पहाटे होतं. घरातला वडीलधारा बाळाच्या जिभेला पाण्याचं बोट लावतो आणि म्हणतो, "पाणी म्हणशील तर ते पाणीच असू दे." मग दुसऱ्या वाटीतलं बोट लावतो. पूर्वी त्या वाटीत मद्य असे. ओटूंचं घर धार्मिक, त्यामुळे त्यांच्याकडे संत्र्याचं सरबत असतं. ते लावून तो म्हणतो, "सरबत म्हणशील तर सरबतच असू दे." म्हणजे मूल मोठं होऊन खरं बोलतं. हे तीन वेळा करायचं. कमी नाही, जास्त नाही. ओटू पहिल्यांदा म्हणायला आणि अंधारात मास्तरांचा पाय पेडलवर पडायला एकच गाठ पडली. ओटू म्हणून थांबले. पेटी थांबली नाही. "पाणी म्हणशील तर ते पाणीच असू दे," पेटी म्हणाली. पुन्हा म्हणाली. मास्तर बंद करायला वाकले, तर तिच्यावर एक थर चढला आणि दोन ओटू पाठोपाठ बोलू लागले. वीज गेली तेव्हा कुठे शांतता झाली.

"किती वेळा झालं?" बाळाच्या आजीने विचारलं.

कुणी म्हणालं पाच, कुणी म्हणालं नऊ. एका म्हाताऱ्याचं म्हणणं पडलं, की यंत्राने म्हटलेलं धरायचं नसेल तर एकदाच झालं आहे. दुसरा म्हणाला, पाणी नऊ वेळा आणि सरबत एकदाही नाही, तेव्हा हे पोर पाण्याबद्दल फार खरं बोलेल, सरबताबद्दल काय सांगता येत नाही. अर्धा तास चर्चा होऊन सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. बाळ मात्र मन लावून सरबत चाटत होतं. मास्तर पेटी डोक्यावर घेऊन मागच्या वाटेने घरी आले.

या प्रकाराची खबर चॅपेलच्या प्रमुखांच्या सभेला लागणारच होती. सभेचे सचिव श्री. एशून हे चॅपेलचे ऑर्गनवादक. त्यांचं मत असं, की सुबक वाजणारी एक गोष्ट चॅपेलमध्ये आहे, ती त्यांच्या हाताखाली आहे आणि दुसरीची गरज नाही. त्यांनी विषय मांडला, "सदर वस्तू वाद्य आहे की गायिका?"

मास्तर म्हणाले, "वाद्य."

"मग ती माझ्या अखत्यारीत येते. मी ती कपाटात ठेवीन."

"मग गायिका."

"मग ती चॅपेलच्या कुठल्या प्रार्थनावर्गात आहे? वर्गप्रमुख कोण? नोंदवहीत नाव आहे?"

मागून ओटू म्हणाले, "नाव अमा." बारशाच्या प्रकारानंतरही ओटूंनी बाजू घेतली, हे मास्तर जन्मभर विसरणार नाहीत. बराच वेळ पानं उलटून एशूनना एक जुना नियम सापडला: गायनमंडळाच्या रांगेत मंडळाच्या पोशाखाशिवाय कुणीही बसू नये. "गायिका आहे, रांगेत बसणार आहे, तर पोशाख हवा," असं म्हणून त्यांनी वही मिटली. त्यांना वाटलं, विषयही मिटला.

कारण मंडळाचं ते निळं-पांढरं कापड चॅपेलच्या शताब्दीला छापून घेतलेलं. आता बाजारात एक वीत मिळणार नाही, हे एशूनना ठाऊक होतं. अजोआने तीन दिवस गावात विचारपूस केली. शेवटी एकुआ काकूच्या लेकीने ट्रंकेतून उरलेला तुकडा काढून दिला. काकू तेव्हा झोपली होती, तिला उठवलं नाही. इथेच चूक झाली; पण ज्या चुकीबद्दल पुढे देवाचे आभार मानायचे असतात, ती करताना कळत नाही.

शिंप्याने मापं घेतली. त्याने काही विचारलं नाही, एवढंच म्हणाला, "बाई अंगाने चौकोनी दिसतायत." झगा घट्ट, नीटस बसला. उरलेल्या लांब पट्टीचा त्याने आपण होऊन डोक्याचा रुमालही करून दिला. "बाई माणूस चॅपेलात उघड्या डोक्याने कशी जाईल?" मास्तरांनी मान खाली घालून दोन्ही घेतलं.

सुगीच्या सणाला चॅपेल भरलं. वेदीपुढे रताळी, केळ्यांचे घड, मक्याची कणसं, एक पाय बांधलेली शेळी. मंडळाच्या सात खुर्च्यांपैकी पाच रिकाम्या होत्या. एकीवर मावशी बसली होती आणि तिच्या शेजारी, एकुआ काकूच्या खुर्चीवर, झगा घालून आणि रुमाल बांधून पेटी बसली होती. पेडल मास्तरांच्या पायाशी, वही मांडीवर. वीज सकाळीच गेली. पण मास्तरांनी बॅटरी आणली होती, आणि ऑर्गनपुढे नुसतेच बसलेले एशून छताकडे बघत होते. कुणाचं वाईट चिंतू नये. मास्तरांनी चिंतलं नाही. फक्त एकदा बघितलं.

प्रवचनाला केप कोस्टचे मोठे पाद्रीसाहेब आले होते. त्यांनी दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घेतली. प्रभूने दहाही जणांना बरं केलं, आणि आभार मानायला परत आला एकच. "एकच," पाद्रीसाहेब म्हणाले आणि क्षणभर थांबले.

मावशी उभी राहिली.

"दहा जण वाटेला लागले," तिने उचललं, "दहांचे पाय धुतले कुणी?"

मास्तरांनी पेडल दाबलं. "धन्यवाद, बापा, धन्यवाद," अमा म्हणाली. खोल, स्वच्छ, वेळेवर. चॅपेलभर माना वळल्या. दुसऱ्या हाकेला टाळ्यांचा थर आला आणि मागच्या बाकांवर पाय हलू लागले. तिसऱ्या हाकेला मास्तरांनी लाल बाणाप्रमाणे टाळ्या काढून घेतल्या, चौथ्याला खर्ज चढवला. याबाचं फडकं, केप कोस्टच्या बाईची डबी, सगळं जागच्या जागी होतं. मास्तरांना वाटलं, झालं, पोचलो.

पाचव्या हाकेला मावशी म्हणाली, "एक आला रे परत... बाकीच्या माझ्या..." आणि तिचा आवाज अडकला. कुष्ठरोग्यांच्या गोष्टीत "माझ्या" नव्हतं. ते रिकाम्या खुर्च्यांवरून आलं, हे तिला आणि मास्तरांनाच कळलं. ती थांबून श्वास घेऊ लागली.

"धन्यवाद, बापा, धन्यवाद," अमा म्हणाली.

मावशी श्वास घेत होती. अमाने पुन्हा धन्यवाद दिले. पाद्रीसाहेबांना वाटलं, भजन संपलं. ते प्रवचनाकडे वळले. "ते नऊ जण देवाला विसरले," ते म्हणाले.

"धन्यवाद, बापा, धन्यवाद."

"कृतघ्न माणसाचा शेवट वाईट असतो."

"धन्यवाद, बापा, धन्यवाद."

पाद्रीसाहेब शिंकले. त्याबद्दलही धन्यवाद झाले. तरुणांच्या बाकांवर रुमाल तोंडाला गेले, शेळी ओरडली, एशूननी नोंद करायला पेन काढलं. मास्तरांनी वहीत बघितलं. विहीर होती तिथेच होती, पण अशा वेळी काय करायचं त्याचा बाण नव्हता. त्यांनी घाबरून दोनदा-तीनदा पेडल दाबलं. सगळे थर पुसले गेले. चॅपेलमध्ये इतकी शांतता झाली, की वेदीपुढे एक रताळं घरंगळलं तेही ऐकू आलं. मावशी उभीच होती. खाली बसायला ती खुर्चीची पाठ चाचपू लागली, आणि मास्तरांना वाटलं, आपण तिला गाता गाता गप्प केलं. आता ही बसली की बसली.

तेवढ्यात मागच्या दारातून काठीचा आवाज आला.

एकुआ काकू होती. घरातलंच विटकं लुगडं, मागे तिला आवरू पाहणारी लेक. याबा तिला रोज सकाळी केंकी नेऊन द्यायची आणि केंकीबरोबर गावची खबरही. त्यात गेले आठ दिवस रोज अमा होती. अमा तुझ्या खुर्चीवर बसणार, अमाला तुझं कापड दिलं, अमा अशी झील धरते की थकणं नाही. अमा म्हणजे काय, हे सांगायचं याबाला सुचलं नाही. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

काकू मधल्या वाटेने पुढे आली. कोपऱ्यातून उतरलेल्या ओठांनी ती म्हणाली, "कुथंय ती अमा?"

तिने स्वतःच्या खुर्चीकडे बघितलं. तिच्या कापडातल्या, तिच्या रुमालातल्या पेटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मास्तरांकडे बघितलं, आणि मास्तरांना आपण तिसरीत असल्यासारखं वाटलं.

मावशीने खुर्ची चाचपणारा हात काढून घेतला आणि भजन उचललं: "दहा जणी वाटेला लागल्या, काठी टेकत एक आली."

चाळीस वर्षांची सवय. लाज आठवायच्या आधी काकूच्या तोंडून निघून गेलं, "धन्नाद, बाप्पा... धन्नाद." अर्ध्या मात्रेने उशिरा. मावशी तेवढा वेळ थांबली.

काकूने तोंडावर हात नेला; पण मावशीने पुढची हाक घातली होती, आणि हाकेला ओ न देणं तिला जमणारं नव्हतं. या वेळी "बाप्पा" पहिला आला आणि "धन्यवाद" दुसरा. पुढच्या खेपेला मधला शब्द गळालाच, त्या जागी नुसता सूर राहिला, आणि मावशीने पुढची हाक त्या सुरावरूनच उचलली. त्यापुढच्या वेळी झील लांबली, तशी हाकही लांबली. दोन फेऱ्या सारख्या होत नव्हत्या. आता कोणता शब्द येईल, कुठून येईल, हे ऐकायला सबंध चॅपेल पुढे झुकलं होतं. अजोआला रस्सा आठवला नाही. आणि काकू एका शब्दाशी अडली, तेव्हा तिला हात द्यावा म्हणून मागून याबाने तो म्हटला, मग ओटूंनी, मग तरुणांच्या बाकांनी. आठव्या फेरीपर्यंत ती झील न येणारा माणूस चॅपेलमध्ये उरला नव्हता.

मग एशून उभे राहिले. नियम तो नियम. रांगेत पोशाखाशिवाय कुणी उभं होतं. मावशीने न थांबता, गाता गाता, पेटीच्या डोक्यावरचा रुमाल सोडला आणि काकूच्या डोक्याला बांधला. एशून थोडा वेळ उभे राहिले. झील आली तेव्हा त्यांनीही धरली, कारण उभ्या माणसाला दुसरं काय करता येतं? बसून वहीत मात्र त्यांनी लिहिलंच, "पोशाख अंशतः."

भजन संपल्यावर काकूने पेटीकडे बोट दाखवलं. मास्तर ती उचलून न्यायला पुढे झाले, तर ती म्हणाली, "लाहू दे. पाहुनी आहे." खुर्चीवर बसली आणि पेटी मांडीवर घेतली. उरलेलं प्रवचन दोघींनी तसंच ऐकलं. लांब झालं, पण आणखी तीनदा तुटलं.

घरी आल्यावर मास्तरांनी पेडल पुसायला घेतलं, तेव्हा दिवा लागलेला दिसला. घाबरून दाबताना ते टिपण्यावर राहिलं होतं. त्यांनी ते लावलं. काठी वाजली, मग मावशीची हाक, मग ती पहिली घसरलेली झील. खोली भरून गेली. मनातल्या मनात मास्तरांनी शिंप्यापासून एशूनपर्यंत सगळ्यांचे आभार मानले, बारशाच्या सरबताचेसुद्धा.

"मावशी," ते म्हणाले, "हे जपून ठेवतो. पुन्हा असं मिळायचं नाही."

मावशी दारात उद्यासाठी झाडू शोधत होती. ती काहीतरी गुणगुणत होती, ते थांबवून म्हणाली, "पुसून टाक. रविवारी यायची आहे ती."